हात वेगवान, चेंडू मात्र संथ!

वसई, प्रतिनिधी

दिनांक १२ मे २०१९. हैदराबादच्या राजीव गांधी स्टेडियमवर आयपीएलचा अंतिम सामना अखेरच्या चेंडूपर्यंत येऊन ठेपला होता. चेन्नई सुपर किंग्जला विजयासाठी दोन धावा हव्या होत्या. एक धाव मिळाली असती तरी सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हर खेळवावी लागली असती. फलंदाज होता पालघरचा शार्दूल ठाकूर आणि चेंडू होता मुंबई इंडियन्सच्या लसिथ मलिंगाच्या हाती. त्या दिवशी मलिंगाची पहिल्या तीन षटकांत यथेच्छ धुलाई झाली होती. त्याने तब्बल ४२ धावा मोजल्या होत्या. अशा वेळी वेगवान गोलंदाज पायाच्या अंगठ्याचा वेध घेणारा भन्नाट यॉर्कर टाकणार, हीच प्रेक्षकांची अपेक्षा होती. शार्दूलनेही मोठ्या फटक्याची तयारी ठेवली होती.

मलिंगा नेहमीसारखाच धावत आला. हातही त्याच गतीने फिरला. चेंडू मात्र रमतगमत आला, यष्ट्यांच्या रोखाने खाली बसला आणि बॅट फिरून गेल्यावर पॅडवर आदळला. पंचांचे बोट वर गेले, शार्दूल पायचीत झाला आणि मुंबईने एका धावेने चौथ्यांदा विजेतेपद पटकावले.

या चेंडूमागे एक घरगुती संदर्भही होता. मुंबईचा कर्णधार रोहित शर्मा आणि शार्दूल हे दोघेही बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे विद्यार्थी, दोघेही प्रशिक्षक दिनेश लाड यांचे शिष्य. शार्दूलला आपण चांगले ओळखतो, तो मोठा फटका मारायला जाणार हे ठाऊक असल्याने संथ चेंडू टाकायचे मलिंगाशी बोलून ठरवले, असे रोहितने सामन्यानंतर सांगितले होते. पहाटेच्या गाडीने पालघरहून किट बॅग घेऊन मुंबई गाठणाऱ्या मुलाला कोणता मोह आवरणार नाही, हे त्याच मैदानावर वाढलेल्या थोरल्या खेळाडूने ओळखले होते.

ज्याला क्रिकेटमध्ये ‘स्लोअर वन’ म्हणतात, त्याचा थोरला भाऊ बेसबॉलमध्ये गेली शंभराहून अधिक वर्षे नांदतो आहे. त्याचे नाव ‘चेंजअप’. दोन्ही खेळांत या चेंडूचे सूत्र एकच आहे. वेग कमी करायचा तो चेंडूचा, हाताचा नव्हे. सांगायला हे वाक्य सोपे वाटते. प्रत्यक्षात मैदानावर दहातले आठ होतकरू गोलंदाज याच्या नेमके उलट करतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. चेंडू संथ टाकायचा म्हणून ते धावच संथ करतात, उडी आखडती घेतात, खांदा सैल सोडतात. चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच फलंदाजाला वर्दी मिळते आणि मग त्या चेंडूची जागा सीमारेषेबाहेर असते.

फलंदाज चेंडूचा वेग मोजत नसतो, तर त्याचा अंदाज बांधत असतो. ही गोम लक्षात घेतल्याशिवाय संथ चेंडूचे कोडे सुटत नाही. क्रिकेटच्या दोन पॉपिंग क्रीजमधील अंतर १७.६८ मीटर. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू, हवेचा अडथळा आणि टप्प्यानंतर घटणारा वेग बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर सुमारे ०.४५ सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. तोच चेंडू ताशी ११२ किलोमीटर वेगाने आला तर त्याला सुमारे ०.५७ सेकंद लागतात. फरक अवघा सेकंदाच्या नवव्या हिश्श्याएवढा. पण जोरात फिरणारी बॅट ताशी ९० किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर तेवढ्या अवधीत तिचे टोक अडीच मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे चेंडू येऊन पोहोचेपर्यंत फटका मारून झालेला असतो. इतक्या थोड्या वेळात चेंडू निम्म्या वाटेवर आल्यानंतर निर्णय घेणे फलंदाजाला परवडत नाही. म्हणून तो गोलंदाजाची धाव, खांदा, हाताची गती आणि मनगट यांवरून आधीच खूणगाठ बांधतो. संथ चेंडू घाव घालतो तो या खूणगाठीवर.

बेसबॉलचे गणित याच्याशी चांगलेच जुळते. तेथे पिचर आणि फलंदाजाची ‘होम प्लेट’ यांच्यात ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर अंतर असते. पिचरचा वेगवान चेंडू ताशी १४५ ते १५५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि चेंजअप त्याहून साधारण १२ ते १६ किलोमीटरने कमी. क्रिकेटमध्ये हा फरक २० ते ३० किलोमीटरपर्यंत नेला जातो. बेसबॉलमध्ये इतका थोडका फरक कसा पुरतो, असा प्रश्न क्रिकेटवेड्या वाचकाला पडेल. उत्तर बॅटमध्ये आहे. बेसबॉलची बॅट गोल आणि निमुळती असते, चेंडूला टप्पा नसतो आणि फलंदाजाला ‘नुसते अडवून ठेवण्याची’ सोय जवळपास नसते. तो बहुतेक वेळा पूर्ण ताकदीनेच बॅट फिरवतो. क्रिकेटमधला फलंदाज मात्र ऐनवेळी हात रोखून सरळ बॅटने चेंडू खेळून काढू शकतो. त्यामुळेच कसोटीपेक्षा वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये संथ चेंडूचे मोल वाढले. तेथे फलंदाजही बेसबॉलपटूसारखाच झोकून देऊन फटका मारतो.

चेंजअपचा सर्वांत परिचित प्रकार ‘सर्कल चेंज’. अंगठा आणि तर्जनी जुळवून चेंडूच्या कडेला एक वर्तुळ करायचे आणि चेंडू उरलेल्या तीन बोटांनी, तळव्याच्या बराच आत धरायचा. वेगवान चेंडू हा बोटांच्या टोकांवरून सुटतो. शेवटचा झटका तिथूनच मिळतो. चेंडू तळव्याकडे सरकवला की हात तेवढ्याच जोराने फिरूनही तो झटका चेंडूला मिळत नाही. पकडच ब्रेकचे काम करते, हाताला काही वेगळे करावे लागत नाही. शिवाय या पकडीमुळे चेंडू पिचरच्या हाताच्या बाजूला सरकत खाली बसतो. उजव्या हाताच्या पिचरने तो डावखुऱ्या फलंदाजाला टाकला तर चेंडू त्याच्यापासून दूर जातो, म्हणून विरुद्ध हाताच्या फलंदाजाविरुद्ध त्याचा वापर अधिक होतो. व्हेनेझुएलाचा डावखुरा योहान सांताना याने याच चेंडूच्या जोरावर २००४ आणि २००६ असा दोनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला.

ट्रेव्हर हॉफमन याची कथा तर आपल्याकडच्या प्रत्येक जखमी वेगवान गोलंदाजाने ऐकावी अशी आहे. खांद्याच्या दुखापतीनंतर त्याचा मूळचा वेग ओसरला. तेव्हा त्याने चेंजअप घोटून घोटून असा पक्का केला, की पुढे सामन्याच्या अखेरीस निसटती आघाडी राखण्याची कामगिरी त्याने ६०१ वेळा पार पाडली. २०१८ मध्ये त्याला बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. मात्र वेग घटला तरी त्याचा हात कधी मंदावला नाही, हे विसरता कामा नये.

क्रिकेटमध्ये संथ चेंडूच्या पकडी अनेक. सर्वांत सोपा ऑफ कटर. चेंडू सोडताना तर्जनी आणि मधले बोट त्याच्या कडेवरून खाली ओढायचे. ताकद पुढे जाण्याऐवजी फिरकीत खर्ची पडते. लेग कटर त्याचाच जुळा भाऊ. दुसरा, हाताच्या मागच्या बाजूने सोडलेला चेंडू. त्यात मनगट उलटे वळते आणि तळहात फलंदाजाकडे नसतो. भारत-पाकिस्तानात झालेल्या १९८७ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉने तो गाजवला होता. शिकायला हा कठीण, कारण सुटण्याचा क्षण थोडा चुकला की चेंडू फलंदाजाच्या छातीवर तरी जातो किंवा गोलंदाजाच्या पायाशी तरी पडतो. तिसरा प्रकार चेंडू हातात खोल धरण्याचा, म्हणजे थेट चेंजअपच.

चौथा ‘नकल बॉल’. याचे नावच बेसबॉलमधून उसने आणलेले आहे. बोटे वाकवून त्यांची टोके किंवा पेरे चेंडूवर रोवायची आणि चेंडू जवळपास न फिरवता पुढे ढकलायचा. बेसबॉलमध्ये असा चेंडू हवेत हेलकावे खातो आणि चेंजअपहून निराळा मानला जातो. क्रिकेटने त्याचा उपयोग प्रामुख्याने वेग चोरण्यासाठी केला. मराठी वाचकाला त्याची ओळख करून दिली ती श्रीरामपूरच्या झहीर खानने. २०११ च्या विश्वचषकात चेन्नईला २६८ धावांचा पाठलाग करणाऱ्या वेस्ट इंडीजची २ बाद १५४ अशी भक्कम स्थिती होती. झहीरने ८१ धावांवर खेळणाऱ्या डेव्हन स्मिथचा अशाच संथ चेंडूवर त्रिफळा उडवला आणि पाहता पाहता संघ १८८ धावांत गारद झाला. चारच दिवसांनी अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसीही त्याच्याच गोलंदाजीवर त्रिफळाचीत झाला. त्या स्पर्धेत झहीरने २१ बळी घेतले. पुढच्या पिढीत भुवनेश्वर कुमारने हे अस्त्र उचलले. शार्दूलच्या भात्यातही ते आहे. मार्च २०१८ मध्ये कोलंबोच्या निदाहास करंडकात त्याने श्रीलंकेविरुद्ध २७ धावांत चार बळी घेतले, ते वेगातील चढउताराच्या बळावरच. ज्याला हा चेंडू टाकता येतो, तोही त्याच्यापुढे फसतो, हेच हैदराबादने दाखवून दिले.

पकड साधली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण वाट पाहत असते. तिच्याकडे प्रशिक्षकांचेही अनेकदा दुर्लक्ष होते. संथ चेंडू हवेत अधिक वेळ राहतो, त्यामुळे गुरुत्वाकर्षण त्याला अधिक खाली खेचते. वरच्याच हिशेबाने पाहिले, तर ताशी १४० आणि ताशी ११२ किलोमीटर वेगाच्या दोन चेंडूंमध्ये फलंदाजापर्यंतच्या अंतरात पडणाऱ्या घसरणीचा फरक अर्धा मीटर भरतो. म्हणजेच गोलंदाजाने चेंडू नेहमीच्याच कोनातून सोडला तर तो आखूड टप्प्याचा पडणार. संथ आणि आखूड चेंडू ही फलंदाजासाठी मेजवानीच! मॅटिंगवर किंवा सिमेंटच्या खेळपट्टीवर तर तो छान उसळून समोर थांबतो. तेव्हा चेंडू किंचित आधी, किंचित वरच्या दिशेने सोडावा लागतो आणि हे करताना डोके व डावा खांदा हलू द्यायचा नसतो. गोलंदाजाचा खरा सराव या ‘किंचित’साठी असतो.

हीच वरची दिशा फलंदाजाचा घात करते. वेस्ट इंडियन अष्टपैलू फ्रँकलिन स्टीफन्सनने १९८८ च्या इंग्लिश मोसमात नॉटिंगहॅमशायरसाठी १२५ बळी घेतले. त्याचा संथ चेंडू डोक्यावर येणार असे वाटायचे आणि मग अचानक पायाशी बुडायचा. १९९९ मध्ये लॉर्ड्स कसोटीत न्यूझीलंडच्या ख्रिस केर्न्सचा असाच चेंडू बीमर समजून इंग्लंडचा नवखा यष्टिरक्षक ख्रिस रीड चक्क खाली वाकला आणि त्याच्या यष्ट्या उद्ध्वस्त झाल्या. बिचाऱ्याची ती चित्रफीत आजही हसत हसत दाखवली जाते. पण वेगवान हातातून निघालेला चेंडू डोळ्यांच्या पातळीवर आला, तर वाकणे हीच शहाण्या फलंदाजाची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे.

आता प्रश्न उरतो, तो चेंडू टाकायचा केव्हा? मेलबर्नच्या २०१८ च्या बॉक्सिंग डे कसोटीत याचा वस्तुपाठ मिळाला. तिसऱ्या दिवशी उपाहारापूर्वीचा अखेरचा चेंडू. खेळपट्टी निर्जीव, चेंडू मऊ झालेला. मिड ऑफला उभ्या असलेल्या रोहित शर्माने जसप्रीत बुमराला मर्यादित षटकांच्या सामन्यासारखा संथ चेंडू टाकून पाहण्याचे सुचवले. उपाहाराच्या तोंडावर कसोटीत असा चेंडू येईल, हे शॉन मार्शच्या ध्यानीमनीही नव्हते. संथ यॉर्करवर तो पायचीत झाला. बुमराने त्या डावात ३३ धावांत सहा बळी टिपले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी हैदराबादला मलिंगाला सल्ला देणाराही रोहितच होता, हा योगायोग खचितच नव्हे.

दोन्ही प्रसंगांत फलंदाजाची अपेक्षा वेगाची होती. ती अपेक्षा आधी निर्माण करावी लागते. सहापैकी चार चेंडू संथ टाकणाऱ्या गोलंदाजाचा संथ चेंडू हा त्याचा नेहमीचाच चेंडू होऊन बसतो. फसवणुकीचे भांडवल वेगवान चेंडूच पुरवतो. मलिंगाच्या जलद यॉर्करची धास्ती नसती, तर त्याच्या संथ यॉर्करला कोणी विचारले नसते. २००७ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले, त्यातील पहिला, शॉन पोलॉक, संथ चेंडूवरच त्रिफळाचीत झाला होता. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तर २७ चेंडूंत ५२ धावा कुटणाऱ्या हाइनरिक क्लासेनला हार्दिक पंड्याने ऑफ यष्टीबाहेर दूरवर संथ चेंडू टाकला. क्लासेनने बॅट लांबवली आणि यष्टिरक्षक ऋषभ पंतकडे झेल गेला. दक्षिण आफ्रिकेला तेव्हा २४ चेंडूंत २६ धावा पुरेशा होत्या. भारताने सामना सात धावांनी जिंकला.

हे सारे वसई-विरारकरांनी का वाचावे? कारण या पट्ट्यात संथ चेंडूची शाळा फार लवकर भरते. भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते, अर्नाळा-राजोडीच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर टणक होणारी ओली वाळू, रात्री दिव्यांच्या झोतात रंगणाऱ्या टेनिस बॉल स्पर्धा आणि अलीकडे जागोजागी उभे राहिलेले जाळीबंद टर्फ, हे येथील मुलांचे पहिले मैदान. तेथे षटके मोजकी, सीमारेषा जवळ आणि प्रत्येक चेंडूवर दांडपट्टा. हलक्या टेनिस बॉलला वेगाने मारणे सोपे जाते, म्हणून बारा-तेरा वर्षांचा मुलगाही बोटे ओढून कटर टाकायला शिकतो आणि बळी मिळाल्याने सुखावतो. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर २०२४ मध्ये टेनिस बॉलची व्यावसायिक लीगही सुरू झाल्याने या कौशल्याला पैशाचेही मोल आले आहे.

अडचण येते ती हाच मुलगा सीझन बॉल हाती घेतो तेव्हा. टेनिस बॉलवर हात मंद करूनही बळी मिळतो. मार पडला तरी एखाद-दुसऱ्या षटकाचाच प्रश्न असतो. लेदरच्या चेंडूने, मोठ्या मैदानावर, दिवसभर खेळणाऱ्या फलंदाजापुढे ही सवय उघडी पडते. विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत किट बॅग सांभाळत उभ्या असलेल्या मुलांपैकी अनेकांना निवड चाचणीत मोजके चेंडूच टाकायला मिळतात. त्या चेंडूंत प्रशिक्षक पाहतो तो सरळ धावेतून, उंच हाताने, एकाच टप्प्यावर पडणारा वेगवान चेंडू. सहा प्रकारचे संथ चेंडू दाखवणाऱ्या मुलाकडे तो चेंडू नसेल, तर बाकीचे प्रकार व्यर्थ ठरतात. शार्दूलने पालघर ते मुंबई हा प्रवास केला, तेव्हा डहाणूपर्यंत लोकलही धावत नव्हती. ती २०१३ मध्ये सुरू झाली. एवढी यातायात करून मिळालेली संधी हाताच्या मंदावलेल्या गतीपायी वाया जावी, याइतकी चुटपुट लावणारी गोष्ट दुसरी नाही.

अमेरिकेत लहान पिचरसाठी तयार करण्यात आलेल्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक सूचनांचा क्रम येथे उद्बोधक ठरतो. तेथे मुलांनी आधी वेगवान चेंडू आणि चेंजअप पक्के करावेत. कर्व्हबॉलसारखे वळणारे चेंडू त्यानंतर, असा सल्ला दिला जातो. चेंजअपला तेथे लवकर प्रवेश मिळतो, कारण त्यात हाताची क्रिया वेगवान चेंडूसारखीच राहते, बदलते ती फक्त पकड. मनगट आणि कोपर पिळण्याचे कसब कोवळ्या वयात मागितले जात नाही. हाच निकष आपल्याकडे लावला, तर चेंडू तळव्यात खोल धरण्याचा प्रकार मुलाने आधी शिकावा, ऑफ कटर त्यानंतर आणि मनगट उलटे करण्याचा चेंडू शरीर भरल्यानंतर, असा क्रम लागतो.

सरावासाठी खर्चिक यंत्रांची गरज नाही. यष्ट्यांच्या मागे, जाळीच्या पलीकडे मोबाइल उभा करावा आणि सहा वेगवान व सहा संथ चेंडू सरमिसळ करून टाकावेत. नंतर चित्रण पाहताना चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणी ते थांबवावे आणि मित्राला विचारावे, हा वेगवान की संथ? मित्राने दहा-बारा वेळा अचूक सांगितले, तर फलंदाजही सांगणार. मग पकड नव्हे, धाव आणि खांदा तपासावा. दुसरा सराव टप्प्याचा. पॉपिंग क्रीजच्या पुढे एक जुना बूट ठेवावा आणि संथ चेंडू त्यावर पडेपर्यंत टाकत राहावे. आरंभी बहुतेक चेंडू दोन-तीन हात अलीकडेच पडतील. सामन्यात मात्र पहिल्या षटकापासून त्याच्या मागे लागू नये. फलंदाज पुढे सरसावू लागला, त्याची बॅट वरून जोरात खाली येऊ लागली आणि दोन चेंडू त्याला वेगाने चकवून गेले, की तिसऱ्यासाठी पकड बदलावी, धाव तीच ठेवावी.